राघूचा घटम

त्या मंगळवारी सकाळी मी ऑफिसला निघत होते आणि राघूनं माझा हात धरून मला थांबवलं. त्याला आताशा उठून बसवत नव्हतं. उशीवर टेकलेलं तोंड सुजलं होतं, पोट पाण्यानं फुगलं होतं, आणि त्या पोटाला मी रोजच्यासारखा घटम टेकवून धरला. घटम म्हणजे मडकंच, पण वाजवायचं. कर्नाटक संगीताच्या बैठकीत मृदंगाच्या शेजारी बसलेला माणूस मांडीवर घेऊन वाजवतो, ते. राघूच्या बोटांत जोर उरला नव्हता म्हणून गेले पंधरा दिवस टिचक्या मी मारायची. मला वाजवता येत नाही. तो डोळे मिटून सांगायचा, "तिथं नको अक्का, स्वल्प खाली... हां." त्या दिवशी चार-पाच टिचक्या झाल्या असतील. मग त्यानं डोळे उघडले आणि सहा वर्षं रोज विचारत आला तेच विचारलं, "कसा वाजतोय?" त्याला ऐकू येत नव्हतं; तो माझ्या ओठांकडे बघत होता. मी म्हटलं, "खणखणीत." एवढं बोलून डबा उचलला आणि धावले, कारण पावणेनऊची बस चुकली की पुढची अर्ध्या तासानं... अकराच्या सुमाराला ऑफिसात फोन आला. शेजारच्या काकू होत्या. त्या नुसतं "ये" म्हणाल्या.

याला आता दीड महिना झाला. राघू म्हणजे राघवेंद्र, माझा धाकटा भाऊ. एकवीस वर्षांचा होता. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहायचं असतं हे मला कळतं, आणि राघूविषयी चांगलं लिहायला काही कष्ट पडणार नाहीत. पण खरं सांगायचं तर माझ्या घशात सहा वर्षांपासून एक गोष्ट अडकून बसली आहे. ती त्याला सांगायची होती. आज सांगू, उद्या सांगू, त्याला बरं वाटलं की सांगू, असं करत मी त्या मंगळवारपर्यंत आले. आता सांगायला माणूस नाही म्हणून वाचकांना वेठीला धरते आहे.

आम्ही बंगळूरचे, तीन पिढ्यांपासून. पुण्या-मुंबईहून कंप्युटरच्या नोकरीला आलेली मंडळी आमची मराठी ऐकून गालात हसतात, हसू देत. राजाजीनगरला अप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, भांड्यांचं दुकान आहे. तांब्या असो, पातेलं असो, घागर असो, गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी अप्पा मधल्या बोटाचं पेर त्यावर मारून बघणार. चांगलं भांडं टण्ण म्हणतं आणि आवाज थोडा रेंगाळतो. डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक चीर असली तरी भांडं बद्द वाजतं. 'बद्द' हा आमच्या घरातला रोजचा शब्द. परीक्षेत कमी मार्क पडले की बद्द, कढीत मीठ नसलं की बद्द, आत्याच्या नवऱ्याचा स्वभाव बद्द. रविवारी दुपारी दुकान बंद असलं की अप्पा आम्हा दोघांना पाठमोरं बसवायचे आणि एकेक भांडं वाजवायचे. मी निम्म्या वेळा चुकायची. राघू पाच वर्षांचा असल्यापासून एकदाही चुकला नव्हता. त्याचा मला फार राग यायचा.

म्हणून चौदाव्या वर्षी त्यानं एका गिऱ्हाइकाला चीर गेलेला तांब्या बरा आहे म्हणून दिला तेव्हा अप्पांना वाटलं, पोराचं लक्ष नाही. त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. आठवड्यानं पुन्हा तेच झालं. तेव्हा अप्पांनी तांब्या त्याच्या कानाशी धरला, पेर मारलं आणि विचारलं, "आलं का?" राघूनं विचारलं, "काय?" अप्पा तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले. ही एक्क्याण्णव सालची गोष्ट.

मग डॉक्टर झाले, कानांचे झाले, लघवीच्या तपासण्या झाल्या. शेवटच्या डॉक्टरांनी आईला विचारलं की तुमच्या माहेरी कुणी असं होतं का. आई बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, माझा भाऊ. दत्तूमामा दावणगेरेला असायचा, तेविसाव्या वर्षी गेला, शेवटी ठार बहिरा झाला होता, अंगावर सूज होती. आम्हा मुलांना हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कान आणि मूत्रपिंड दोन्ही धरणारा आजार आहे, ते म्हणाले. आईकडून येतो आणि मुलग्यांना जास्त खातो. उंच आवाज आधी जातील. जाड आवाज मागे राहतील, पण किती दिवस ते सांगता येत नाही. मूत्रपिंडांचं पुढे बघू. परतीच्या बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि राघू मला विचारत होता, "डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांग, काही गाळू नकोस." मी सांगितलं. मामाचं गाळलं. ते त्यानं नंतर अप्पांकडून काढून घेतलं.

घरी येऊन त्यानं दप्तर टाकलं आणि जाहीर केलं, "मला वाजवायला शिकायचंय. कान आहेत तोवर." काय वाजवायला, ते त्यालाही माहीत नव्हतं. आमच्याकडे वाद्य म्हणजे शनिवारच्या भजनाची जुनी पेटी, तिचा भाता अप्पा हलवायचे आणि सूर देव सांभाळायचा. राघू त्या पेटीपाशी बसला. उजवीकडच्या टोकापासून एकेक पट्टी दाबत डावीकडे आला, आणि जिथून ऐकू यायला लागलं तिथं त्यानं खडूनं बारीक रेघ मारली. पुढच्या महिन्यात पुन्हा बसला. रेघ दोन पट्ट्या डावीकडे सरकली. त्यानं पहिली पुसली नाही, दुसरी मारली. पेटी झाकताना त्या दोन रेघांकडे माझं लक्ष जायचं.

वाद्य ठरवायला आम्ही दोघं बळेपेटेतल्या दुकानांत हिंडलो. मी तेव्हा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते, सतरा वर्षांची, आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. आधी बासरी बघितली. खालचे दोन-तीन सूर त्याला ऐकू आले, वरचे नुसते वाजवणाऱ्याच्या गालांवर दिसले. व्हायोलिनवाल्यानं मांडी घालून हौसेनं वाजवून दाखवलं, मध्येच राघू माझ्या कानात म्हणाला, "अक्का, हा हात हलवतोय नुसता." व्हायोलिनवाला छान वाजवत होता. तबल्यातला डग्गा ऐकू येत होता पण तबला गेला होता. "अर्धंच लग्न झाल्यासारखं आहे," राघू म्हणाला आणि स्वतःच हसला. मला हसता आलं नाही. घरी आत्या बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. कान जाणार ठाऊक असून वाद्याचं खूळ कशाला लावून घ्यायचं ते? आणि बाहेर बोलू नका, हिचं लग्न व्हायचंय." ही म्हणजे मी. मी आत जाऊन दार आपटलं.

रामनवमीच्या मांडवात रोज संध्याकाळी गाणं असतं. राघूला मी घेऊन गेले ते मन रमावं म्हणून. तो पुढच्या रांगेत जाऊन अगदी स्टेजला टेकून बसला. गायकाचं तोंड उघडतंय-मिटतंय हे बघून कंटाळला असणार, कारण थोड्या वेळानं त्यानं स्टेजच्या फळीवर तळवा ठेवला आणि तसाच बसून राहिला. गाणं संपल्यावर तो सरळ घटम वाजवणाऱ्या माणसासमोर जाऊन उभा राहिला. साठीचे, काळेसावळे, कपाळाला विभूती. त्यांनी काही विचारलं नाही. घटम उचलून राघूच्या मांडीवर ठेवला, तोंड त्याच्या पोटाकडे फिरवलं आणि म्हणाले, "तट्टू." वाजव. राघूनं बोटं मारली. मग शर्टाची खालची दोन बटणं काढून मडक्याचं तोंड उघड्या पोटाला लावलं आणि पुन्हा मारली. त्याचा चेहरा मी आजही विसरले नाही. "अक्का, हे इथून ऐकू येतंय," तो पोटावर हात ठेवून म्हणाला, "आणि कानांनीपण येतंय! दोन्हीकडून!" त्या गृहस्थांना आम्ही पुढे मेष्ट्रू म्हणायला लागलो, म्हणजे मास्तर. ते जे. पी. नगरला राहायचे. दोन बस बदलून जावं लागायचं.

आईनं मात्र 'मडकं' हा शब्द ऐकला आणि हातातलं काम टाकलं. आपल्याकडे प्रेताच्या पुढे मडकं धरून कोण चालतं हे मराठी वाचकांना सांगायला नको. स्मशानात खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन तीन फेऱ्या घालायच्या, दर फेरीला दगडानं त्याला भोक पाडायचं आणि शेवटी मागे न बघता ते सोडून द्यायचं. दत्तूमामाच्या वेळी हे माझ्या आजोबांनी केलं होतं, म्हाताऱ्या बापानं तरण्या पोरासाठी. आई म्हणाली, "माझ्या घरात माझा पोरगा मडक्याला टिचक्या मारत बसणार? जे दारात उभं आहे त्याला हाक मारून बोलवायचं?" अप्पा म्हणाले, "अगं, ते देवाच्या पुढे वाजवतात की." ती ऐकेना. राघू चिडला, जेवला नाही, दोन दिवस बोलला नाही. मग जेवला. असे चार महिने गेले. त्या चार महिन्यांचा हिशेब पेटीवर होता, रेघ अर्ध्यापर्यंत आली होती.

शेवटी एका दुपारी त्यानं आईला हाताला धरून पेटीसमोर बसवलं. भाता मला हलवायला लावला. आईचं बोट स्वतःच्या हातात घेऊन त्यानं उजवीकडून पहिली पट्टी दाबली. "हा गेला," तो म्हणाला. पुढची दाबली. "हा गेला. हा गेला. हा गेल्या महिन्यात गेला." आई बोट सोडवून घ्यायला लागली तरी त्यानं सोडलं नाही. "हा मागच्या आठवड्यापर्यंत होता आई, हा गेला..." आई ओरडली, "पुरे! आण तुझं मडकं!" आणि तिथंच पेटीवर डोकं ठेवून रडायला लागली. सगळ्या पट्ट्या एकदम वाजल्या. भाता हलवणं मी थांबवलं नव्हतं.

घटम तमिळनाडूतल्या एका गावात घडतात. साध्या मडक्याहून जाड आणि जड असतात. मेष्ट्रूंनी तिथल्या कुंभाराला सांगून राघूसाठी नवा मागवला. तो आला त्या शनिवारी राघू आणि अप्पा दावणगेरेला एका मुंजीला गेले होते, रविवारी सकाळी परतणार होते. टोपलीतला पेंढा काढून मी घटम बाहेर घेतला. आईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि लगेच हात धुतले. मी अप्पांसारखं मधल्या बोटाचं पेर मारून बघितलं. काय सांगू... पितळेच्या घागरीसारखा टण्ण, पण मागून खोल, गरम, उशिरापर्यंत राहणारा आवाज. स्वयंपाकघरात गेलेली आई पुन्हा बाहेर आली आणि म्हणाली, "मडकं असं वाजतं?" आमच्या घरात तो आवाज आम्ही दोघींनी, त्या एकदाच ऐकला.

आई देवळात गेली. मी घटमाच्या आत डोकावले. आत राख होती, पेंढ्याची कुसं होती, भट्टीचा वास होता. उद्या राघू हे पोटाला लावणार. मला वाटलं, स्वच्छ करून तयार ठेवू, आल्या आल्या त्याला वाजवता येईल. आणि नवं मडकं घरात आलं की काय करायचं हे मला लहानपणापासून शिकवलेलं होतं. नव्या माठाला आधी पाणी पाजायचं, रात्रभर बुडवून ठेवायचं, म्हणजे तो तडकत नाही. दर उन्हाळ्यात ते काम माझंच. भांड्यांच्या दुकानदाराची मुलगी मी, पण मातीतलं मला एवढंच ठाऊक होतं. मागच्या हौदात मी घटम हलकेच सोडला. बुडबुडे आले. ते थांबेपर्यंत मी कौतुकानं बघत उभी होते.

रविवारी सकाळी पुसून, देवघराजवळ चुंबळीवर ठेवला. दहाच्या सुमाराला राघू आला तो चपला न काढताच धावला. मांडी घातली, शर्ट वर केला, घटम पोटाला लावला आणि बोटं मारली. बद्द. पुन्हा मारली. बद्द. तो थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं. "अक्का," तो म्हणाला, "माझे कान गेले." मी काही बोलायच्या आत अप्पांनी पुढे होऊन पेर मारलं आणि म्हणाले, "कान नाही रे, मडकं ओलं आहे. भिजलंय हे. कुणी भिजवलं?" स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "मी भिजवलं. नव्या माठाला भिजवतात तसं. मला काय ठाऊक."

राघूनं आईकडे जे बघितलं ते मी लिहू शकत नाही. त्याला वाटलं तिनं मुद्दाम केलं. दुपारी मी स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "आई, मी सांगते त्याला." तिनं पोळी लाटता लाटता मान हलवली. "तू गप्प बस. पुढे त्याला तुझ्या कानांनी ऐकायचंय, तुझ्यावरचा विश्वास गेला तर तो जाईल कुठं? माझ्यावर रागावू दे. मी त्याला हे रक्त दिलंय, त्यात एक मडकं आणखी!" आणि मी गप्प बसले. सतरा वर्षांची होते, घाबरले होते, हे खरंच. पण गप्प बसायला मिळालं म्हणून मला सुटल्यासारखंही वाटलं होतं. तेही खरंच.

मेष्ट्रूंनी घटमावर तळवा ठेवला आणि एवढंच म्हणाले, "नीरु कुडिदिदे." पाणी प्यायलाय. सावलीत ठेवा, उन्हात घाई केली तर फुटेल. राघू रोज शाळेतून आला की पेर मारून बघायचा. आईशी तो बोलत नव्हता. ताट मी वाढलं तरच जेवायचा, आणि मी वाढायची! आई भिंतीला टेकून बघत बसायची. मला ते सहन होईना. कॉलेजचं प्रॅक्टिकल आहे सांगून मी एकटी आनेकलच्या बसमध्ये बसले. तिकडे कुंभार आहेत एवढं ऐकलं होतं. एक म्हातारी चाकापाशी माती मळत होती. मी विचारलं, भिजलेला घटम पुन्हा भट्टीत घातला तर? तिनं माझ्याकडे नीट बघितलं. एकदा भाजलेलं भिजल्यावर आगीत घातलंस तर दोन तुकडे होतील, ती म्हणाली. मग काय करू? "कायबेकम्मा." वाट बघायची बाई, दुसरं काय. वाट बघायला आमच्याकडे वेळ कुठे होता? परतीच्या बसमध्ये मी सबंध रस्ता रडले आणि शेजारच्या बाईनं न विचारता मला शेंगा दिल्या.

वाट बघता बघता राघूलाच सूज आली. ताप चढला, तीन आठवडे दवाखान्यात होता. परत आला तेव्हा त्याच्याशी बोलताना समोर उभं राहावं लागत होतं. पेटीपाशी बसून त्यानं अगदी डावीकडची, सगळ्यात जाड पट्टी दाबली. थोडा वेळ दाबून धरली. मग ओल्या फडक्यानं एकेक करून सगळ्या रेघा पुसून टाकल्या. त्या दिवशी तो आईशी बोलला. "भूक लागलीय," म्हणाला.

घटम तोवर वाळला होता. आवाज परत आला, पण पुरता आला नाही. गळ्याशी बरा वाजायचा. मडक्याच्या पोटावर, जिथं वाजवायची खरी जागा, तिथं बद्दच राहिला. राघूनं तो पोटाला लावला, डोळे मिटले, वाजवला. मग विचारलं, "अक्का, कसा वाजतोय? पहिल्यासारखा झाला का?" पहिला आवाज त्यानं ऐकलाच नव्हता. मी म्हटलं, "खणखणीत." तो इतका हसला... मग रोज तेच.

सहा वर्षं त्यानं तो वाजवला. मेष्ट्रू समोर बसून त्याच्या गुडघ्यावर ताल मारायचे, तकधिमि, तकधिमि, आणि राघू तो पोटातून बाहेर काढायचा. एकदा रामनवमीच्या मांडवात मेष्ट्रूंनी त्याला दहा मिनिटं स्वतःच्या जागी बसवलं, पण स्वतःचा घटम दिला. माझा का नको, राघूनं विचारलं. मेष्ट्रूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग कागदावर लिहून दिलं की आजच्या गायकाच्या श्रुतीला तुझा जुळत नाही. राघू म्हणाला, "सरी." बरं. त्या दहा मिनिटांत त्याची नजर मांडवात मला शोधत होती. मी दोन्ही हातांनी 'छान, छान' करत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदाच खोटं बोलावं लागलं नाही, मेष्ट्रूंचा घटम खरोखर खणखणीत वाजत होता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते मला नीट सांगता येणार नाही. वीस वर्षांचा झाला आणि मूत्रपिंडं बसली. आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला न्यायचो. आईनं स्वतःचं मूत्रपिंड देऊ केलं; डॉक्टर म्हणाले, तुमचं चालणार नाही, आजार तुमच्यातूनच गेलाय. ती घरी येऊन अंघोळीला गेली आणि तासभर बाहेर आली नाही. माझंही जुळलं नाही. राघू चिडायचा, सुया काढून टाकायचा, मेष्ट्रू आले की शांत व्हायचा. कितीदा माझ्या ओठांवर आलं, राघू, ते मी केलं, आईनं नाही. त्याला माझे ओठ वाचता यायचे; नुसते हलवले असते तरी पुरलं असतं.

त्या मंगळवारी दुपारी गुरुजींनी अंगणात मडकं अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी ते घेतलं आणि, चाळीस वर्षांची सवय, मधल्या बोटाचं पेर त्यावर मारलं. टण्ण वाजलं. चांगलं होतं मडकं. काय केलं ते अप्पांच्या लक्षात आलं, त्यांचं बोट तसंच वर राहिलं. मग आईच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी पुन्हा कधी ऐकू नये. गेटपर्यंत आम्ही बायका गेलो. तिथून पुढे अप्पा एकटेच सगळ्यांच्या पुढे ते मडकं धरून चालत होते. एवढ्या वर्षांत दुकानात मी त्यांना कधी भांडं इतकं घट्ट धरलेलं बघितलं नव्हतं.

तेराव्याला आत्या म्हणाली, आता ते दुसरं मडकं घरात ठेवू नका, पाण्यात सोडून या. आई म्हणाली, "हात लावून बघावा कुणी." घटम राघूच्या खोलीत खिडकीखाली चुंबळीवर आहे. बंगळूरची हवा दमट, म्हणून सहा वर्षं रोज दिवेलागणीला आई तो कोरड्या फडक्यानं आतून-बाहेरून पुसते. कधी वाजवला नाही, पण पुसायचा चुकवला नाही. अजून पुसते.

गेल्या शनिवारी चार वाजता, त्याच्या रियाजाच्या वेळेला, मी त्या खोलीत बसले. दोन्ही कानांत कापूस गच्च कोंबला, घटम पोटाला लावला आणि त्यानं शिकवलेल्या जागेवर बोटं मारली. मला वाटलं होतं, त्याला जे पोटातून ऐकू यायचं ते मला थोडं तरी ऐकू येईल. काही आलं नाही. माती गार होती आणि माझा श्वास मलाच मोठ्यानं ऐकू येत होता. मी मारत राहिले. मान वर केली तर दारात आई होती, हातात फडकं घेऊन. तिचे ओठ हलले. मी ते वाचले. ती विचारत होती, "कसा वाजतोय?"

"बद्द," मी म्हटलं. "बद्द वाजतो, आई. पहिल्यापासून बद्दच वाजत होता. मी त्याला रोज खोटं सांगितलं. आणि मीच भिजवला होता तो... मी, तू नाही." किती मोठ्यानं बोलले कोण जाणे. मी कापूस काढला. आईनं माझ्या मांडीवरून घटम उचलला, तोंडातून हात घालून आतून पुसला, गळ्याशी पुसला, चुंबळीवर सरळ ठेवला. मग माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काहीतरीच काय बोलतेस? तू घरात तरी होतीस का त्या दिवशी? मीच भिजवला गं तो." फडकं कोरडंठाक होतं. तरी मोरीपाशी जाऊन तिनं ते पिळलं.